ॲमस्टरडॅमच्या सायकलवाटा : उद्याने, कालवे आणि रस्त्यावरील हक्काचा लढा

१/२६
ॲमस्टरडॅममध्ये इतक्या सायकली का, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : देश सपाट आहे, चढ नाहीत, म्हणून. हे उत्तर अर्धेच खरे आहे. १९६० च्या दशकातही हा देश तितकाच सपाट होता. तरीही त्या काळात तेथील सायकल झपाट्याने मागे हटत होती आणि कालवे बुजवून मोटाररस्ते करण्याचे आराखडे तयार होत होते. भूगोलाने सायकल शक्य केली. ती टिकवली माणसांनी. शहरातील उद्याने आणि कालवे यांच्या कडेने जाणाऱ्या एका दिवसाच्या सायकलमार्गावरून हा इतिहास वाचता येतो.

२/२६
मार्गाचा आरंभ राईक्सम्युझियमपासून करावा. रेम्ब्रांटची चित्रे जपणारी ही वास्तू पियरे कॉयपर्स या वास्तुविशारदाने उभारली आणि ती १८८५ मध्ये खुली झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की इमारतीच्या पोटातूनच कमानींचा एक प्रशस्त मार्ग आरपार जातो. जुने शहर आणि दक्षिणेला वाढू घातलेली नवी वस्ती यांच्या मधोमध संग्रहालय उभे राहणार होते. त्यामुळे त्याने भिंत न बनता वेस बनावे, अशी नगरपालिकेची अट होती. या वेशीतून पुढे पिढ्यानुपिढ्या सायकलस्वार जात राहिले. या वाटेवरून एकविसाव्या शतकात मोठा वाद झाला. त्याची हकीकत पुढे येईल.

३/२६
कमानीतून बाहेर पडताच म्युझियमप्लेन हे विस्तीर्ण मैदान लागते. आज तेथे हिरवळ आहे, मुले खेळतात, लोक उन्हाला बसतात. मात्र १९५० च्या दशकापासून या मैदानाच्या मधून एक रुंद मोटाररस्ता धावत होता. नगरवासीयांनी त्याला उपरोधाने ‘देशातला सर्वांत आखूड महामार्ग’ असे नाव दिले होते. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्रचनेत हा रस्ता काढून टाकण्यात आला. थोडक्यात, या हिरवळीचे आजचे रूप मुळातले नाही. रस्ता उखडून ते परत मिळवलेले आहे. ॲमस्टरडॅममधील अनेक ‘निसर्गरम्य’ जागांना हेच लागू पडते.

४/२६
मैदानापासून काही मिनिटांच्या अंतरावर फोंडेलपार्क आहे. १८६४ मध्ये क्रिस्तियान पीटर फान एखन या धनिकाच्या पुढाकाराने काही प्रतिष्ठित नागरिकांनी एक मंडळ स्थापले, वर्गणी जमवून जमीन घेतली आणि पुढच्याच वर्षी उद्यानाचा पहिला भाग खुला केला. आराखडा यान डाविड झोकर आणि त्याचा पुत्र लुई पॉल या बापलेकांचा. सरळ रेषांऐवजी वळणे घेणाऱ्या वाटा, तळी, मोकळी कुरणे अशी ही इंग्लिश धाटणीची रचना. १८६७ मध्ये सतराव्या शतकातील कवी योस्ट फान डेन फोंडेल याचा पुतळा येथे बसवला गेला आणि त्याचेच नाव उद्यानाला चिकटले.

५/२६
हे उद्यान मुळात कोणासाठी होते? घोड्यावरून रपेट करणाऱ्या आणि पायी फिरणाऱ्या सुखवस्तू लोकांसाठी. भोवतालच्या जमिनींवर श्रीमंतांच्या हवेल्या उठल्या. पुढे देखभालीचा खर्च मंडळाला पेलेना, तेव्हा १९५३ मध्ये उद्यान नगरपालिकेच्या स्वाधीन झाले. आणखी एक अडचण कायमची आहे. पायाखालची जमीन पीट मातीची, दलदलीची. त्यामुळे सुमारे ४७ हेक्टरांचे हे उद्यान हळूहळू खचत असते आणि ठरावीक काळाने वाटा पुन्हा उचलून घ्याव्या लागतात. येथे एकदा बांधलेली वाट कायमची राहत नाही. ती राखावी लागते.

६/२६
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल ही देखील सुखवस्तूंचीच चैन होती. १८८३ मध्ये डच सायकलस्वारांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तीच पुढे ए.एन.डब्ल्यू.बी. या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. चांगले रस्ते, स्वतंत्र सायकलवाटा, दिशादर्शक फलक यांसाठी तिने चिकाटीने काम केले. रानावनातील वाटांवर आजही दिसणारे भूछत्राच्या आकाराचे बुटके दिशादर्शक १९१९ पासून तिनेच बसवले. नावात ‘सायकलस्वार’ असलेली ही संघटना विसाव्या शतकात मात्र प्रामुख्याने मोटारमालकांची झाली. या विसंगतीचा हिशेब सत्तरच्या दशकात चुकता झाला.

७/२६
पहिल्या महायुद्धानंतर सायकल स्वस्त झाली आणि कामगाराच्या हाती आली. सरकारचे लक्ष लगेच तिकडे गेले. १९२४ मध्ये सायकलकर लागू झाला. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकल-बिल्ला आठवत असेल. त्याच जातीची ही वस्तू. बेकारांना बिल्ला विनामूल्य मिळे, परंतु त्याला भोक पाडलेले असे. परिणामी सायकलस्वाराचे दारिद्र्य रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसे. १९४१ मध्ये हा कर रद्द झाला, तोही डच सरकारकडून नव्हे, तर जर्मन राजवटीकडून.

८/२६
भोकाचे बिल्ले वाढत होते, त्याच काळात ॲमस्टरडॅमच्या भविष्याचा आराखडा आखला जात होता. कॉर्नेलिस फान एस्टेरेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये शहराच्या विस्ताराची सर्वसाधारण योजना मांडली. नव्या वस्त्या हाताच्या बोटांसारख्या बाहेर पसराव्यात आणि दोन बोटांच्या मधल्या जागेतून हिरवे पट्टे शहराच्या आत शिरावेत, ही तिची मध्यवर्ती कल्पना. झाडांपर्यंत पोचायला गाडीघोडा लागू नये. चालत किंवा सायकलवरून ते साधावे. फोंडेलपार्क वर्गणीदारांच्या इच्छेतून झाले होते. आता हिरवळ हा सर्व नागरिकांचा वाटा मानला जाऊ लागला.

९/२६
फोंडेलपार्कच्या नैर्ऋत्य टोकातून बाहेर पडून दक्षिणेची वाट धरली की ‘ॲमस्टरडॅमसे बोस’, म्हणजे ॲमस्टरडॅमचे वन, लागते. क्षेत्र सुमारे १,००० हेक्टर. हे अरण्य पूर्णतः मानवनिर्मित आहे. येथे समुद्रसपाटीहून खालची, पाणी उपसून कोरडी केलेली शेतजमीन होती. १९२८ मध्ये नगरपालिकेने वन करण्याचा निर्णय घेतला आणि १९३४ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन काळात, बेकारांना काम देण्याची योजना म्हणून खोदाई सुरू झाली. सुमारे २०,००० माणसे या कामावर राबली. फावडे, ढकलगाड्या आणि अंगमेहनत हीच मुख्य साधने होती.

१०/२६
या वनाच्या रचनेत फान एस्टेरेनबरोबर याकोबा मुल्डर या नगररचनाकार स्त्रीचा मोठा वाटा होता. नगररचना हे पुरुषांचेच क्षेत्र समजले जात असताना तिने हे काम केले. नौकानयनाचा लांब सरळ कालवा १९३७ मध्ये खुला झाला. शेवटचे झाड लागायला मात्र १९७० उजाडले. आज येथे सुमारे ५० किलोमीटर सायकलवाटा आहेत. वनाला लागून असलेल्या आम्स्टेलवेनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांची मुले ज्या झाडांखालून सायकल चालवतात, ती मंदीतल्या बेकारांच्या हातची आहेत.

११/२६
वन अपुरे असतानाच युद्ध आले. १० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले. पेट्रोल दुर्मीळ झाले आणि सायकल हेच सामान्य माणसाचे उरलेले वाहन ठरले. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन लष्कराने सायकली सक्तीने ताब्यात घेण्याची मोहीम काढली. १९४४ च्या सप्टेंबरात माघारीच्या अफवा उठल्या, तेव्हाही अनेक सैनिक हिसकावलेल्या सायकलींवरूनच पळाले. युद्धानंतर कित्येक वर्षे जर्मनीविरुद्धच्या फुटबॉल सामन्यांत डच प्रेक्षक ‘आधी माझी सायकल परत दे’ अशी घोषणा देत असत. विनोदाच्या मुळाशी अपमानाची आठवण होती.

१२/२६
ज्यूंच्या वाट्याला आलेली सायकलबंदी मात्र विनोदात मावणारी नाही. जून १९४२ मध्ये ज्यूंना सायकली जमा करण्याचा हुकूम झाला, ट्रामही बंद. ६ जुलै १९४२ रोजी अॅन फ्रँक आणि तिचे आईवडील पावसात, अंगावर कपड्यांचे थर चढवून, शहराच्या दक्षिण भागातून प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावरील गुप्त निवाऱ्यापर्यंत पायी गेले. थोरली बहीण मार्गो त्यांच्या आधी निघाली होती. तिने आपली सायकल जमा केली नव्हती. मीप गीस हिच्या मागोमाग ती त्या बेकायदा सायकलवरून पोचली. सायकल चालवणे हाच त्या सकाळी गुन्हा होता.

१३/२६
वनातून परतताना पूर्वेकडे वळून आम्स्टेल नदी गाठावी आणि तिच्या काठाने शहरात शिरावे. आधी पवनचक्क्या आणि बागा, मग दाट वस्ती, मग वेस्परस्ट्राट. सुंदर नदीकाठालगत हा रस्ता अचानक रुंद आणि रुक्ष वाटतो. येथे ज्यूंची वस्ती होती. बहुसंख्य रहिवासी छळछावण्यांत मारले गेले. १९४४-४५ च्या भीषण उपासमारीच्या हिवाळ्यात, ज्यात देशभर २०,००० हून अधिक लोक दगावले, गारठलेल्या नगरवासीयांनी या रिकाम्या घरांतील तुळया आणि जिने जळणासाठी उपसून नेले. घरे कोसळली. युद्धानंतरच्या नियोजनकारांना तेथे मोकळी जागा दिसली आणि तिच्यावर रुंद वाहतूकमार्ग आखला गेला.

१४/२६
पन्नासच्या दशकात संपन्नता आली आणि मोटारी आल्या. सतराव्या शतकातील कालव्यांचे शहर त्यांना अपुरे पडू लागले. १९५४ मध्ये शहराचा पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयाखर याने उपाय सुचवला : जुन्या शहरातील बरेच कालवे बुजवावेत आणि तेथे रस्ते व वाहनतळ करावेत. मोठा विरोध झाला आणि योजना बारगळली. तथापि तिच्यामागचा विचार टिकून राहिला. रस्ता म्हणजे मोटारीची जागा, आणि बाकी सारे, म्हणजे पाणी, झाडे, मुले, सायकली, हे अडथळे, असे मानणे तेव्हा आधुनिकतेचे लक्षण होते.

१५/२६
१९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकन वाहतूकतज्ज्ञाने याहून धाडसी आराखडा मांडला. मोटारवाहतुकीचा पुरस्कार करणाऱ्या एका संस्थेने तो करवून घेतला होता. शहराच्या हृदयापर्यंत जाणारे सहापदरी मार्ग, बुजवलेला सिंगेलग्राख्ट कालवा, जमीनदोस्त केलेल्या कामगारवस्त्या असे त्याचे स्वरूप. ‘शहराला संधी द्या’ हे त्याचे शीर्षक! सिंगेलग्राख्ट म्हणजे राईक्सम्युझियमसमोरचेच पाणी. आराखडा अमलात आला असता, तर आरंभी उल्लेखिलेली कमान महामार्गाच्या काठावर उभी राहिली असती.

१६/२६
विरोधाचा पहिला रंग पांढरा होता. १९६५ मध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या बंडखोर गटाने ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ जाहीर केली. ल्यूड स्खिमेलपेनिंक याची ही कल्पना : नगरपालिकेने दरवर्षी २०,००० पांढऱ्या सायकली घेऊन त्या कुलूप न लावता रस्त्यावर ठेवाव्यात, कोणीही घ्यावी, वापरावी, सोडून द्यावी. गटाने काही सायकली रंगवून ठेवल्याही. बिनकुलपाची सायकल ठेवणे नियमबाह्य, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. योजना फसली; परंतु जगभरातील आजच्या सामायिक सायकलसेवांच्या वंशावळीत पहिले नाव तिचेच येते.

१७/२६
कल्पनाविलासाला करुण वास्तवाची धार आली ती १९७१ च्या आकड्यांनी. त्या एका वर्षात नेदरलँड्समध्ये सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. शाळेत जाणारी, दारापुढे खेळणारी, सायकल चालवणारी मुले. सुमारे १ कोटी ३० लाख लोकसंख्येच्या देशात जवळजवळ प्रत्येक गावाला असा एखादा मृत्यू ठाऊक होता. तोवर या मृत्यूंना ‘अपघात’ म्हणत. आता प्रश्न विचारला जाऊ लागला : रस्त्याची रचनाच जर मृत्यू घडवत असेल, तर त्याला दुर्दैव म्हणावे काय?

१८/२६
वेस्परस्ट्राटहून नैर्ऋत्येला नदी ओलांडली की ‘दे पाइप’ ही एकोणिसाव्या शतकातील दाट कामगारवस्ती लागते. योकिनेनच्या आराखड्याने हिच्यावरही फुली मारली होती. वस्तीत सार्फातीपार्क हे छोटे, देखणे उद्यान आहे. शहराच्या आरोग्यासाठी झटलेल्या सामुएल सार्फाती या ज्यू डॉक्टरचे त्याला नाव आहे. जर्मन राजवटीने ते पुसले, मुक्तीनंतर ते परत आले. या उद्यानाबाहेर सत्तरच्या दशकारंभी मुलांना पाय ठेवायला जागा नव्हती. अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मोटारींच्या रांगा उभ्या असत.

१९/२६
१९७२ मध्ये दे पाइपमधल्या एका शाळेच्या मुलांनी आपल्या गल्ल्यांचा प्रश्न स्वतः हाती घेतला. मोटारी किती आणि मुले किती, याकडे त्यांनी लक्ष वेधले, सह्या जमवल्या, रस्ता अडवून तेथे खेळ मांडले. दूरचित्रवाणीच्या माहितीपटाने ही हकीकत देशभर पोचवली. याला पूर्वपीठिकाही होती. १९४७ पासून याकोबा मुल्डर आणि वास्तुविशारद आल्डो फान आईक यांनी मोकळ्या कोपऱ्यांत मुलांसाठी खेळाच्या जागा करण्यास आरंभ केला होता. पुढील तीन दशकांत अशा ७०० हून अधिक जागा झाल्या. वन रचणारी स्त्री गल्लीतल्या वाळूच्या हौदाचाही विचार करत होती.

२०/२६
त्याच वर्षी व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याची लहान मुलगी वाहनाखाली सापडून गेली होती. लेखाच्या मथळ्यातील शब्दच चळवळीचे नाव बनले : ‘बालहत्या थांबवा’. पालकांनी रस्त्यांवर ठिय्या दिला, सायकलफेऱ्या काढल्या, सुरक्षित रस्त्यांच्या रचना सुचवल्या. या दबावाचे एक फळ म्हणजे ‘वोनएर्फ’. ही अशी गल्ली, जिथे पादचाऱ्याला आणि खेळणाऱ्या मुलाला अग्रक्रम असतो आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचे असते. १९७६ मध्ये तिला कायद्यात स्थान मिळाले.

२१/२६
मधल्या काळात इतिहासाने एक प्रयोगही घडवून आणला. १९७३ च्या तेलसंकटात नेदरलँड्सला तेलबंदीचा फटका बसला आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून पुढच्या जानेवारीपर्यंत रविवारी खासगी मोटारींना बंदी झाली. लोक महामार्गांवर सायकली घेऊन उतरले. मुलांनी चाकांचे बूट घालून फेऱ्या मारल्या. सरकारचा हेतू केवळ इंधन वाचवण्याचा होता. परंतु मोटारीविना शहर कसे ऐकू येते, हे लक्षावधी लोकांनी प्रत्यक्ष अनुभवले. चळवळीचे म्हणणे त्यानंतर स्वप्नाळू वाटेनासे झाले.

२२/२६
१९७५ मध्ये सायकलस्वारांनी नवी संघटना काढली आणि तिचे नाव ठेवले ‘खऱ्या डच सायकलस्वारांची संघटना’. रोख अर्थातच मोटारवाल्या झालेल्या ए.एन.डब्ल्यू.बी.कडे होता. आद्याक्षरांतील साम्यावरून प्रकरण न्यायालयात गेले आणि नव्या संघटनेला नाव बदलावे लागले. काम मात्र थांबले नाही. धोकादायक चौकांची यादी, पर्यायी आराखडे, हजारोंच्या सायकलफेऱ्या अशा मार्गांनी तिने नगरपालिकेला हैराण केले. म्युझियमप्लेनवर सायकलींसह आडवे पडून मृतांची आठवण देणाऱ्या निदर्शकांची छायाचित्रे याच दशकातली आहेत.

२३/२६
आम्स्टेलच्या काठाने परत येऊन उत्तरेला न्यूमार्क्टकडे वळावे. योडेनब्रेस्ट्राट, म्हणजे ‘ज्यूंचा रुंद रस्ता’, हा खरोखरच अवाढव्य रुंद आहे. कालव्यावरचा पूल ओलांडताच पुढचा सिंट अँटोनीसब्रेस्ट्राट मात्र एकदम चिंचोळा होतो. रुंदीकरण न्यूमार्क्टच्या वस्तीतून पुढे रेटायचे होते. त्याखालून भुयारी रेल्वे जायची होती. रहिवाशांनी घरे सोडण्यास नकार दिला. २४ मार्च १९७५ रोजी पोलीस आणि निदर्शक यांच्यात तीव्र चकमकी झाल्या. घरे पडली आणि भुयारी रेल्वेही झाली. पण वरचा महामार्ग रद्द झाला आणि वस्ती जुन्याच रस्तारेषेवर पुन्हा बांधली गेली.

२४/२६
याच रस्त्यावर पिंटोहाउस ही सतराव्या शतकातील देखणी वास्तू उभी आहे. रुंदीकरणात ती जायची होती, चळवळीने ती वाचवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी सायकल थांबवून मागे आणि पुढे पाहावे. मागे एका धोरणाचा अंत दिसतो, पुढे दुसऱ्याचा आरंभ. १९७८ नंतर नगरपालिकेची दिशा हळूहळू पालटली : सायकलमार्गांचे जाळे, वाहनतळांवर मर्यादा, संथ गल्ल्या. १९९२ मध्ये मध्यवर्ती भागातील मोटारी कमी कराव्यात का, यावर सार्वमत घेतले गेले. कौल होकारार्थी आला, पण निसटत्या बहुमताने. बदल कधीच एकमुखी नव्हता.

२५/२६
आता राईक्सम्युझियमच्या कमानीचा वाद. २००३ मध्ये संग्रहालय मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले. नव्या आराखड्यात प्रवेशद्वार कमानीच्या मार्गातच येणार होते आणि सायकलींची जागा आक्रसणार होती. सायकलस्वारांची संघटना आणि स्थानिक रहिवासी उभे ठाकले. आराखडा बदलावा लागला. काम लांबण्याला हे एकच कारण नव्हते, पण हा वाद वर्षानुवर्षे गाजला. १३ एप्रिल २०१३ रोजी संग्रहालय पुन्हा खुले झाले आणि एका महिन्याने, १३ मे रोजी, कमान सायकलींसाठी खुली झाली. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’च्या दालनाखालून सायकली पुन्हा वाहू लागल्या. १८८५ ची वेस वेसच राहिली.

२६/२६
मार्गाचा शेवट मध्यवर्ती रेल्वेस्थानकावर होतो. २०२३ च्या आरंभी तेथे पाण्याखाली ७,००० सायकलींचा तळ खुला झाला. पर्यटकाला तो अभियांत्रिकीचा चमत्कार वाटतो. मागे मात्र वर्गणीदार धनिक, भोकाचा बिल्ला लावलेला बेकार, जमा न केलेल्या सायकलवरची मार्गो, दे पाइपची मुले आणि न्यूमार्क्टचे रहिवासी उभे आहेत. एके काळी पुण्यालाही सायकलींचे शहर म्हणत. तेथील रस्त्यांवर नंतर काय झाले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ॲमस्टरडॅमही त्याच वाटेने निघाले होते. ते मध्येच वळले, कारण आपल्या मुलांचे मृत्यू दुर्दैव म्हणून स्वीकारण्यास तेथल्या नागरिकांनी नकार दिला. शहराची रुंदी-अरुंदी नकाशावर ठरते. नकाशा कोणाच्या हाती असावा, हे नागरिक ठरवतात.